काकूंच्या लॅपटॉपमधला थांबा

मिलिंद,

तू गेल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर आणि तुझ्या सोसायटीच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल भरपूर लिहून झालं. मनमिळाऊ, हसतमुख, कुणाच्याही हाकेला धावणारा. हसतमुख तू कधी होतास रे? सकाळचा पहिला चहा पोटात जाईपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघवत नसे. आणि धावणारा तर तू अजिबातच नव्हतास. पण माणूस गेला की लोक ठरलेले शब्द काढतात, त्याला इलाज नाही. मी काहीच लिहिलं नाही. हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन उपडा ठेवून भाजी चिरायला घेतली.

आता लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तू मध्येच उठून गेलास म्हणून मी जिंकले, असं होत नाही. आणि त्या भांडणात तुझ्यामागे जे काही झालं ते तुला सांगायला हवं, कारण ते समजेल असा दुसरा माणूस माझ्याकडे उरलेला नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "शैला, वाय-फाय चालू झालं ना? मग झालं तर." 

हे उद्या तुझी ईशा वाचेल, म्हणून तिला कळेल असं लिहिते. "माझ्या लेकीला यातलं ओ की ठो कळत नाही," असं तूच कौतुकाने सांगायचास.

तर ईशा, लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. त्याच्या पोटातलं वाय-फायचं कार्डही झोपतं. त्या कार्डाला एरवीही वीज वाचवायला डुलक्या काढायची सवय असते. झाकण उघडलं की लॅपटॉप उठतो, पण जुन्या मशीनमधलं कार्ड कधीकधी उठतच नाही. पडदा लख्ख, सगळं जागच्या जागी, फक्त नेट नाही. यावर तुझ्या बाबाचा उपाय असा, की झोपण्याआधी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, काढूनच टाकायचा. उठल्यावर जरा थांबायचं आणि मग तो पुन्हा चढवायचा. माझा उपाय असा, की कार्डाची ती वीज वाचवायची सवयच बंद करायची, आणि झोपून उठल्यावर ते शिकवलेलं विसरतं म्हणून दर वेळी पुन्हा बजावायचं. त्याच्या उपायाने नेट यायला वेळ लागायचा. माझ्या उपायाने लगेच यायचं, बॅटरी मात्र थोडी जास्त खायचं. एवढंच. लोक जमिनीवरून भांडतात, पक्षावरून भांडतात. आम्ही दोघं अंधेरीच्या ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून, केस पांढरे होईपर्यंत यावरून भांडलो.

मिलिंद, खरं सांगू? माझा राग तुझ्या उपायावर नव्हताच. त्या थांबण्यावर होता. तुझ्या प्रत्येक कामात कुठेतरी एक "जरा थांब" असायचंच. लिफ्ट भरलेली दिसली की तू पुढच्या लिफ्टसाठी थांबायचास, मी आत घुसून तुझ्याकडे डोळे वटारून बघायचे. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत तुझा पाय उचलायचा नाही. ऑफिसने भंगारात काढलेले लॅपटॉप आपण सुट्टीच्या दिवशी बसून नीट केले आणि घाटकोपरच्या त्या अभ्यासिकेला दिले, तेव्हाही तू तेच केलंस. पोरांनी झाकणं उघडली, सगळी मशीनं जागी झाली आणि नेटसाठी नुसती ताटकळत बसली. मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, "अरे, पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, आणि तू हे काय करून ठेवलंयस?" तू खुर्चीवरून उठला पण नाहीस. म्हणालास, "अगं, तेवढ्यात पाणी पिऊन येतील ना. घाई कसली तुला एवढी?"

घाई कसली, हे तुझं उत्तर माझ्या डोक्यात जायचं. 

पण माझी आई गेली तेव्हा याच तुझ्या संथपणाने मला सावरलं, हे तुला कधी बोलले नाही. मुलुंडच्या घरी लोक यायचे, दोन वाक्यं बोलायचे, चहा नको नको म्हणत प्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तू आलास आणि कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसून राहिलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास. काही बोलला नाहीस, मला बोलतं करायचाही प्रयत्न केला नाहीस. संध्याकाळी मी आपणहून आईबद्दल बोलायला लागले तेव्हा तू तिथे होतास. त्याबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलं. म्हटलं असतं तर तू "चल, नाटकं करू नको" म्हणाला असतास, तरी म्हणायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येते.

तुझे दिवस झाल्यावर ईशा तुझ्या आईला, काकूंना, बंगळुरूला न्यायला निघाली होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, आता तू गेलास. उरलेली एक आजी, ती बोरिवलीच्या घरात एकटी, कानांनी कमी ऐकणारी. ईशाला तिकडे झोप लागेना. आणि काकू हलायला तयार नाहीत. सोफ्यावर पाय दुमडून बसल्या आणि म्हणाल्या, "माका हयसून खंय जावचा नाय. थय माझ्याशी कोण बोलतला?" बरोबरच होतं त्यांचं. इथे खाली बाकावर त्यांच्या मैत्रिणी आहेत, मासेवाली त्यांना नावाने हाक मारते, समोरचे नाईक रोज विचारपूस करून जातात. तिथे बाराव्या मजल्यावर ईशा दिवसभर कामावर, आणि या बाल्कनीतून खालच्या गाड्या बघणार.

शेवटी आजी-नातीत समझोता झाला. तिन्हीसांजेचा तुमच्या घरचा जो व्हिडिओ कॉल आहे, तो रोज झाला पाहिजे. आजी रोज डोळ्यांना दिसली पाहिजे. त्यात गडबड झाली तर ईशा येणार आणि काही न ऐकता घेऊन जाणार. काकूंनी मान डोलावली. त्यांचं घर त्या लॅपटॉपवर टांगलेलं होतं, आणि लॅपटॉप तुझ्या स्क्रिप्टवर, म्हणजे ड्रायव्हर आपोआप काढण्या-चढवण्यासाठी तू लिहिलेल्या त्या फाइलवर.

ती सगळी व्यवस्था तू तयार केलीस, मला ठाऊक होतं. मोबाइलवर काकू भलतंच बटण दाबतात, म्हणून लॅपटॉप, मोठे स्पीकर, आणि समोरून कॉल आला की आपोआप उचलला जाईल अशी सोय. काकूंनी फक्त झाकण उघडायचं. नेट लागलं की ईशाच्या फोनवर आजीच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो, तो दिसला की ती कॉल करते. बोलणं झालं की झाकण बंद. उघडं ठेवलं तर कुणीतरी बघतंय असं काकूंना वाटतं, शिवाय वर क्रोशाचा रुमाल घालायचा असतो. म्हणजे मशीनला झोपवण्याशिवाय गत्यंतर नाही. जागं ठेवून त्याच्यावर रुमाल घातला तर ते भाजून निघेल.

मग एक दिवस अपडेट आला आणि तुझी स्क्रिप्ट बंद पडली. नव्या अपडेटमध्ये ड्रायव्हरचं नाव बदललं होतं, तुझी स्क्रिप्ट जुन्याच नावाने त्याला शोधत राहिली. त्या संध्याकाळी काकूंनी नशिबाने मोबाइल उचलला, म्हणून निभावलं. ईशाने मला फोन केला. "मावशी, तूच बघशील ना? बाबा गेल्यावर हे कुणाला सांगू मी?"

मुलुंडहून बोरिवलीला यायचं म्हणजे मध्ये अख्खं जंगल आडवं. त्याला वळसा घालून, बस बदलत, वैतागत तुझ्या घरी पोचले. काकूंनी सोलकढी पुढे केली आणि म्हणाल्या, "बघ गो, तुझ्या मित्रान काय करून ठेवल्यान ता." मी तुझी फाइल उघडली. तुझा हात ओळखू येतो रे. ऐसपैस लिहिलेलं, मध्ये मोकळ्या ओळी सोडलेल्या. आणि मधोमध तो थांबा. अभ्यासिकेतल्या मशीनमध्ये घातला होतास त्याच्या कितीतरी पट मोठा. कार्डाला उठायला एवढा वेळ कधीच लागत नाही. एवढ्या वेळात कुंभकर्ण आंघोळ करून आला असता. मला वाटलं, वय झालं तसा अजूनच सुस्तावलास तू.

मी तुझं सगळं काढून टाकलं आणि माझं घातलं. झाकण मिटलं, उघडलं, नेट हजर. जेवून उठल्यावर पुन्हा उघडून बघितलं, तरी हजर. काकू कौतुकाने बघत होत्या. मला बरं वाटलं, अगदी खूप बरं वाटलं. मनात म्हटलं, बघ, एवढं सोपं होतं. परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी भांडत आले, आणि पहिल्यांदाच तू मध्ये बोलत नव्हतास. तेव्हा मात्र मला रडू आलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला माझी वाट लागली.

काकूंनी झाकण उघडलं. माझ्या कर्तबगारीमुळे नेट तत्काळ लागलं, हिरवा ठिपका आला, ईशाने कॉल केला, तो आपोआप उचलला गेला. आणि ईशाला दिसली रिकामी खुर्ची. तिने हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. आत कुठेतरी पाण्याचा नळ चालू असल्याचा आवाज, आणि माणूस नाही. बाप असा अचानक गेलेल्या पोरीच्या मनात काय आलं असेल ते वेगळं सांगायला नको. तिने नाईकांना फोन केला. नाईक वॉचमनला घेऊन आले, बेल वाजवत बसायला नको म्हणून त्यांच्याकडच्या चावीने दार उघडून थेट आत शिरले. तेवढ्यात काकू पदर सारखा करत आतल्या खोलीतून बाहेर. समोर नाईक, वॉचमन, आणि पडद्यावर हुंदके देणारी नात. काकू म्हणाल्या, "काय झाला? कोण गेला?"

नाईकांनी मला हे सांगताना हसायचा प्रयत्न केला. ईशा हसली नाही. रात्रीच्या जेवणाआधी तिचा मला फोन आला. आवाज एकदम शांत. "मावशी, तुझा दोष नाही. पण बस झालं आता. मी शनिवारी येतेय. आजीला घेऊन जाते." मी म्हटलं, मशीन व्यवस्थित चाललं गं. ती म्हणाली, "तेच तर. मशीन होतं, आजी नव्हती."

मी पुन्हा वळसा घालून बोरिवलीला गेले. या वेळी लॅपटॉपला हात लावला नाही. काकूंना म्हटलं, तुम्ही रोज करता तसं करा, मी नुसती बसते. त्यांनी क्रोशाचा रुमाल काढून घडी घातला, झाकण उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. देवापाशी दिवा. तिथून भिंतीचा आधार घेत गॅलरीत, तुळशीपाशी उदबत्ती. मग बेसिनवर हात धुणं. मग आरशासमोर पदर सारखा करणं, नातीला दिसायचं म्हणून. मग खुर्चीत येऊन बसल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी बसलंय काय ती येता." मी विचारलं, तुम्ही बसलात की ती येते, असं कोणी सांगितलं तुम्हाला? काकू म्हणाल्या, "मिलिंदान सांगल्यान. आये, तू सावकाश बस, ती थांबतली."

 तुझा तो भला मोठा थांबा कार्डासाठी नव्हताच. तू एखाद्या संध्याकाळी लवकर येऊन आईच्या मागे मागे फिरला असशील, तिची पावलं बघितली असशील, आणि तेवढा वेळ त्या मशीनला गप्प बसवलं असशील. आई खुर्चीत टेकली की कार्ड जागं होणार, नातीला ठिपका दिसणार. आजीला वाटणार नात माझ्यासाठी थांबते, नातीला वाटणार आजी वेळेवर बसते. दोघींनाही पत्ता नाही. हलकटा, मला तरी सांगायचंस! मी तुला सुस्त म्हटलं, अभ्यासिकेत पोरांसमोर ओरडले, ऑफिसात सगळ्यांना तुझ्या नकला करून दाखवल्या. तू दर वेळी काय म्हणालास, तर "राहू दे ना यार." एक वाक्य बोलला असतास, आईला वेळ लागतो म्हणून थांबतो, तर मी तोंड मिटलं असतं. पण तुला जिंकायचंच नसायचं. त्यामुळे तुझ्याशी भांडून माझं समाधान कधी झालं नाही, आणि आता होणारही नाही.

ईशाला यायला अजून अवकाश होता. मी फाइल उघडली. माझी सेटिंग ठेवली, कारण ती बरोबर आहे, तू काहीही म्हण. नव्या अपडेटनंतरही ती टिकते, तुझी टिकली नाही. पण तिच्या आधी तुझा थांबा होता तसा परत घातला, तेवढा वेळ कार्ड बंदच राहील असा. एवढा आकडा नीट आठवत होता, तुला शिव्या देताना तो पाठच झाला होता. मग ईशाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबाने मला पण नाही सांगितलं." मग म्हणाली, "मी येतेच मावशी, तिकीट काढलंय. एक संध्याकाळ बघते. मग ठरवते."

शनिवारी ती आली ती तुझा फोटो घेऊन. मोठा करून, फ्रेम करून. मला आवडला नाही, त्यात तू खरंच हसतमुख दिसतोस. आतल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी नाईकांनी खिळा ठोकून दिला. काकू फ्रेमकडे एकदा बघून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

संध्याकाळी ईशा मोबाइल घेऊन खाली बाकावर जाऊन बसली, लांबून करतो तसाच कॉल करायचा म्हणून. मी स्वयंपाकघरात. काकूंनी झाकण उघडलं आणि त्या आत गेल्या. मी ओट्याला टेकून कान देऊन ऐकत होते. गॅलरीचं दार वाजलं. नळ वाजला. आता येतील, आता बसतील. बाहेर स्पीकर खरखरला आणि ईशाचा आवाज आला. "आजी? आजी?"

खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं, संपलं. सगळं तुझ्या मापाने केलं तरी चुकलं. मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले. काकू तुझ्या फोटोसमोर उभ्या होत्या. पदर सारखा करून झाला होता. दोन हात पोटाशी धरून त्या तुझ्याशी बोलत होत्या, तू दारातून ऑफिसची बॅग टाकत आत यायचास तेव्हा बोलायच्या तशाच, काही झालं नसल्यासारख्या. "ईशा इली हा. वाळली मेली. बांगडे आणूक पाठयलेलंय, पण ताजे गावले नाय. ती तुझी शैला येता मधीमधी. लॅपटॉप बिघडवता आणि नीट करता." मग फ्रेमची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "जेवलंस मा?"

जिना चढून धापा टाकत ईशा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही. तिने ते सगळं ऐकलं. पुढे होऊन तिने आजीला हाक मारली नाही. बाहेर तिचाच कॉल चालू होता, पडद्यावर खालचा बाक दिसत नव्हता, तिच्या हातातल्या फोनमधून याच घरातली फरशी दिसत होती. काकू आपल्या वेळेने वळल्या, आम्हाला दारात बघून म्हणाल्या, "काय गो, अशा उभ्या कित्याक?" आणि आमच्यामधून वाट काढत खुर्चीत जाऊन बसल्या.

ईशाने ओढणीने तोंड पुसलं. "मावशी," ती म्हणाली, "अजून थोडं वाढव."

मी विचारलं, "आणि बंगळुरू?"

"तू वाढव ना आधी."

रविवारी ती एकटीच परत गेली. नाईकांना तिने सांगून ठेवलंय, "आधी बेल वाजवा, मी सांगितल्याशिवाय चावी वापरू नका." काकूंना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, नातीने आपणहून ऐकलं.

मी त्या शनिवारीच, काकू नातीशी बोलत असताना, शेजारी बसून फाइल उघडली होती. तुझ्या आकड्यात दिवा होता, तुळस होती, हात धुणं होतं, पदर होता. सगळ्यांचा वेळ धरला होतास. फक्त तुझ्यासमोर आई किती वेळ उभी राहील, तेवढा धरला नव्हतास, मिल्या. तो मी वाढवला.